मासेसरांचा अर्ज

मासेसर निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी विद्यापीठातल्या संग्रहालयाच्या दाराला त्यांचं कार्ड चालेना. त्यांनी ते उलटं लावलं, सुलटं लावलं, शर्टाला पुसून लावलं. दार ढिम्म हललं नाही. पहारेकऱ्यानं अदबीनं सांगितलं, की सर, आता तुम्ही नोकरीत नाही. बिनपगारी काम करायला यायचं तर खाली स्वयंसेवक कक्षात नाव नोंदवावं लागतं. पस्तीस वर्षं ज्या दारातून ऐटीत आत गेले, त्या दारावरून सर परत फिरले आणि पाय आपटत तळमजल्यावर आले. तिथं झेरॉक्स मशीनशेजारच्या टेबलापाशी ताई बसली होती. सहा वर्षं ती याच दिवसाची वाट बघत बसली होती म्हणा ना!

तिला अख्खं विद्यापीठ ताई म्हणायचं. पण खरीखुरी ताई म्हणणारी एकच, तिची धाकटी बहीण.

धाकटी पहिल्या वर्षाला असताना मासेसरांच्या हाताखाली स्वयंसेवक म्हणून जायची. काम काय, तर माशांच्या बरण्यांवरची जुनी लेबलं काढून नवी चिकटवायची. एका दुपारी सरांनी तिच्या हातात आतल्या कोठाराची किल्ली ठेवली आणि सगळ्यात वरच्या फळीवरच्या मोठ्या बरण्या एकटीनं खाली काढायला सांगितल्या. फळी कुजलेली. बरणी हातातून सुटून फुटली, मासे टिकवायचं फॉर्मालिन तोंडावर उडालं आणि पोरीचा उजवा डोळा गेला. गेला म्हणजे गेलाच.

आणि या विद्वानानं काय करावं? दवाखान्याची पायरी चढला नाही. अहवालात मात्र लिहिलं, की विद्यार्थिनीने टेबलाच्या खणातून परस्पर किल्ली घेऊन विनापरवानगी प्रवेश केला. एका ओळीत हात झटकून मोकळा! त्या शेऱ्यावर धाकटीचा प्रवेश रद्द झाला आणि शेरा आहे तोवर पुन्हा मिळणार नाही असं ठरलं. जिला माशांची लॅटिन नावं तोंडपाठ होती, ती घरात बसून लोकांच्या लग्नपत्रिका नि भाडेकरार टाइप करू लागली. शेरा पुसला जायचा एकच मार्ग होता. किल्ली आपणच दिली, असं सरांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. ते कशाला देतात!

त्या अपघातानंतर विद्यापीठाला जाग आली आणि स्वयंसेवकांसाठी नियम करायला समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष कोण? मासेसर. लाज म्हणून काही चीज असते की नाही? त्यांनी चौदा पानांची नियमावली लिहून काढली, आणि आपण किती कडक ते दाखवायच्या भरात हात सैल सोडून लिहिली. कलम दोन म्हणत होतं, की पगार न घेता इथे काम करणारा प्रत्येक माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, स्वयंसेवकच. कलम सतरा म्हणत होतं, की ज्याच्या निष्काळजीपणामुळे स्वयंसेवकाला इजा झाली तो स्वयंसेवक म्हणून कायमचा अपात्र. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं होतं, फार कडक होतंय का? सर म्हणाले, सुरक्षेत तडजोड नाही. आपणही एक दिवस साठीचे होणार आणि आपल्याच दारात अर्ज घेऊन उभे राहणार, एवढं साधं त्या डोक्यात आलं नाही.

नव्या कक्षात लिपिकाची जागा निघाली तेव्हा ताईनं आधीची बरी नोकरी सोडून ती धरली. चौदाही पानं तिनं पाठ केली. आणि बसली.

"अहो बाई, एवढं कार्ड जरा चालू करून द्या," सर आल्या आल्या म्हणाले. "माझे मासे खोळंबलेत."

ताईनं त्यांच्यापुढे कोरा अर्ज सरकवला. सर हसले. ताई हसली नाही. मग सुरू झाली वरात. पहिल्या दिवशी फोटो जुना होता म्हणून अर्ज परत. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचा दाखला नव्हता. तिसऱ्या खेपेला ओळखीच्या दोन माणसांची शिफारसपत्रं हवी होती, आणि पस्तीस वर्षांत सरांनी माणसं अशी काही जोडली होती की दोन मिळवायला आठवडा गेला. मग प्रशिक्षण. अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत मासेसर गुडघे आवळून बसले आणि बरणीचं झाकण कसं उघडावं ते पडद्यावर बघत राहिले. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा होती. स्वयंसेवकाने कोठारात एकट्याने जावे का, या प्रश्नाला सरांनी घाईत 'होय' लिहिलं. नापास! ताईनं त्यांना पुढच्या आठवड्याची तारीख दिली. त्या दिवशी घरी जाताना ती बऱ्याच वर्षांनी गुणगुणत होती.

पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. तिचं लक्ष अकराव्या रकान्यावर होतं. तुमच्या देखरेखीखाली कधी स्वयंसेवकाला इजा झाली आहे का; असल्यास खरी हकिगत लिहा. सरांनी तिथं लिहिलं होतं, नाही.

खोटी माहिती म्हणून तिथल्या तिथे अर्ज फेटाळायची शिफारस तिला करता आली असती. पण त्यात धाकटीच्या पदरात काय पडणार? कक्षाची रीत अशी, की अपुरा अर्ज फेटाळायचा नाही, परत करायचा. निर्णय व्हायचा तो फक्त पूर्ण अर्जावर. म्हणून ताई परत करत राहिली. 'नाही'वर पेन्सिलीनं गोल करून परत. मग सरांनी लिहिलं, विद्यार्थिनीच्या चुकीमुळे किरकोळ अपघात. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किरकोळ! तिनं पुन्हा गोल केला. या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं.

पुढच्या खेपेला सर आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. तीस वर्षं गोळा केलेल्या नदीतल्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ शेवटच्या प्रकरणाशी अडला होता, आणि बरण्या डोळ्यांसमोर नसताना त्यांना एक ओळ लिहिता येत नव्हती. आता ते बाई सोडून मॅडम म्हणू लागले होते. अपुरं काय आहे, त्यांनी विचारलं.

ताईनं फाइलमधून एक जुनी वस्तुयादी काढली. टेबलाच्या खणाला कुलूप असून त्याची एकमेव किल्ली माझ्याजवळ असते, असं त्यात सरांनीच, चोरीच्या भीतीनं, लिहून ठेवलं होतं. खाली सही, आणि तारीख अपघाताच्या महिनाभर आधीची.

"मग तिनं किल्ली घेतली कुठून, सर?"

सरांनी बोट ठेवून ती सही आणि तारीख पुन्हा वाचली. मग त्यांनी हळूच विचारलं, "खरं लिहिलं तर कार्ड मिळेल?"

"खरं लिहिलं की अर्ज पूर्ण होईल," ताई म्हणाली.

दारापलीकडच्या बरण्यांनी त्यांचं डोकं असं व्यापलं होतं, की स्वतःचंच सतरावं कलम त्यांना आठवलं नाही. त्यांनी लिहिलं. किल्ली मीच दिली, एकटीला मीच पाठवलं, अहवालातला मजकूर खरा नव्हता. ताईला दया यायला हवी होती कदाचित, नाही आली. तिनं तारीख घालून घेतली, पूर्ण नाव घालून घेतलं, शिक्का मारला, तीन प्रती काढल्या. मग नियमावलीचं अकरावं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

सरांनी वाचलं. "हे तर मीच लिहिलंय," ते पुटपुटले.

"हो. फार चांगलं लिहिलंत. सुरक्षेत तडजोड नाही." ताई उभी राहिली. "तुम्ही जिला किल्ली दिलीत, तिची मी थोरली बहीण."

आपलं नातं तिनं टिपणीत स्वतःहून नोंदवलं आणि निर्णय कुलसचिवांवर सोडला, म्हणजे उद्या कुणाला बोट ठेवायला जागा नको. कुलसचिवांपुढे दुसरा इलाजच नव्हता. चार दिवसांत दोन आदेश निघाले. एकानं मासेसरांना दार कायमचं बंद झालं. दुसऱ्यानं धाकटीच्या नावापुढचा शेरा गेला.

ताई ते कागद घेऊन जवळजवळ पळतच घरी आली. धाकटी टाइप करत होती. तिनं आदेश वाचला, मग सरांच्या अक्षरातला तो मजकूर डोळ्याजवळ धरून सावकाश वाचला. आता ही रडेल, गळ्यात पडेल, म्हणून ताई उभी राहिली.

धाकटीनं आदेश आपल्यापाशी ठेवला. सरांच्या मजकुराची मात्र घडी घालून ती ताईच्या हातात दिली.

"हा तुझा. किल्ली कुणी दिली ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात डोळ्याला पट्टी होती माझ्या. शुद्धीवर आले तेव्हा तू पहिलं काय विचारलंस, आठवतं? खरं सांग, तू उचलली नव्हतीस ना?"

ताईला आठवत होतं. एकदाच विचारलं होतं तिनं. त्यानंतर दोघींपैकी कुणीही तो विषय काढला नव्हता.

"आता बसला विश्वास?" धाकटीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

ताईनं मान हलवली. पण वर बघून हो म्हणायची काही तिची हिंमत झाली नाही.