भडंगाला तोंड न लावणारे उंदीर

सकाळी उठून आक्कानं पिंजऱ्यात डोकावलं आणि तिचं डोकंच फिरलं. भडंग जसंच्या तसं! चुरमुरा न् चुरमुरा जागेवर. उंदरानं ते हुंगलंसुद्धा नव्हतं, पण शेजारचा कपड्याचा साबण मात्र मेल्यानं निम्मा फस्त केला होता.

आता तुम्हीच सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही? आक्काचं भडंग म्हणजे काय साधंसुधं? लसूण खरपूस, चटणी घरची, शेंगदाणा निवडून घेतलेला. लोक पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा लावतात, आक्का भडंगाची मूठ लावायची. वर्षानुवर्षं उंदीर घावत आले आणि दर खेपेला ती म्हणायची, "बघा, जिवावर उदार हून येत्यात माझ्या भडंगाला!" कारण घरात दुसरं कौतुक करणारं होतं कोण? तिचा नवरा केरबा ताटली पुसून खायचा, पण 'चांगलं झालंय' एवढं तोंडातून निघेल तर शपथ.

त्यात नेमकी नणंद बाळाबाई मुक्कामाला आलेली. लेकीच्या, अनुजाच्या लग्नाचं आवतण घेऊन ती हातकणंगल्याहून आली होती. या घरातल्या प्रत्येक पोरीच्या रुखवतात आक्काच्या भडंगाची परात असायचीच. पण बाळाबाईनं पिंजरा बघितला आणि पदर तोंडाला लावून हसली.

"वैनी, उंदीरबी तोंड लावंनात की! ऱ्हाऊ दे मग. रुखवताला दुकानातनंच आणते भडंग."

आक्काच्या काळजाला डागणीच बसली. नणंद गेली तशी तिनं कढई चढवली. आधी चटणी कमी केली. मग गूळ घातला. मग सुकं खोबरं, वर साजूक तूप. उंदरांनी कशालाच दाद दिली नाही. पिंजऱ्यातलं तेवढं टाकून द्यायचं, बाकी डबाभर भडंग केरबाच्या पुढ्यात यायचं. तुपातलं गुळमट भडंग तो मुकाट गिळायचा आणि तांब्याभर पाणी प्यायचा.

शेवटी सून संयोगिताला राहवलं नाही. ती कागलच्या शाळेत विज्ञान शिकवायची. "आत्या, भडंग नाही बिघडलेलं. उंदीर बदललेत."

"म्हंजे गं?"

"पूर्वी समोर माळ होता. धामणी होत्या, वडावर घुबडं होती. जो उंदीर पळायला हळू, तो त्यांच्या पोटात जायचा. मग एमआयडीसी आली, माळ सपाट झाला, वड रस्त्यात गेला, धामणी दिसेनाशा झाल्या. आता आपल्याकडच्या उंदरांना वैरी उरला एकच, तुमचा पिंजरा. ज्यांना भडंगाचा मोह आवरला नाही ते मेले. ज्यांना त्याचा वासच नको वाटायचा ते जगले, आणि पिल्लं झाली ती त्यांनाच. उंदरांच्या पिढ्या भराभर होतात. आता घरात फिरतंय ते सगळं त्यांचंच गोत."

आक्कानं रिकामा पिंजरा पुढ्यात ओढला. "म्हंजे ज्यांना चव कळायची ते समदं मीच मारलं?"

"होय."

"आन् बिनजिभेचं तेवढं पोसलं?"

आयुष्यात पहिल्यांदा आक्काला उंदरांसाठी वाईट वाटलं. एवढे दर्दी जीव, आणि आपल्याच हातानं! मग एकदम तिचे डोळे लकाकले. "वन्सं पिंजरा लावत्यात का गं?"

"कुठला! त्यांच्याकडं मांजर आहे. आणि ते दिवसभर दुधावर लोळत असतं."

लग्नाच्या तयारीला मदत, असं निमित्त काढून आक्का हातकणंगल्याला गेली. पिशवीत वर साडी, खाली पिंजरा आणि जुन्या पद्धतीचं झणझणीत भडंग. दिवेलागणीला तिनं बाळाबाईच्या धान्याच्या खोलीत पिंजरा ठेवला आणि पोत्याआड सरकवला.

सकाळी पाहुण्यांचा चहा चालला होता, आणि खोलीतून असा कल्ला उठला की सगळे कप ठेवून धावले. पिंजऱ्यात उंदरांची दाटी झालेली. आतले एकमेकांच्या अंगावर चढून भडंग खात होते, आणि एक बाहेरचा तारांतून पाय घालून शेंगदाणा ओढत होता. एवढी माणसं जमली तरी तो हलायला तयार नव्हता.

"वन्सं," आक्का गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या घरचं उंदीर मात्र जाणकार हाईत हं."

पाहुण्यांत खसखस पिकली. बाळाबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं आक्काला कोपऱ्यात ओढलं. "वैनी, हरले मी. परातभर करा रुखवताला. पर ही पिंजऱ्याची भानगड व्याह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, पाया पडते!"

परतीला केरबा मोटारसायकल घेऊन न्यायला आला. आक्का मागं बसून सगळी कथा रंगवून सांगत होती. कागलचा रस्ता लागला तरी केरबा आपला गप्प. शेवटी तीच तणतणली, "उंदरांस्नी कळलं, नणंदेला कळलं. तुमास्नी कवा कळणार वो?"

केरबानं गाडी बाजूला घेतली, बंद केली.

"तुला बघाय आलतो, तवा समद्यांच्या घरात पोहं असायचं. तुमच्या घरात भडंग हुतं. आठवतंय?"

"मग?"

"बा म्हणत हुता, अजून दोन पोरी बघू. मी म्हणलं, न्हाय, हितंच." त्यानं टोपी सारखी केली. "म्हंजे भडंगापायी घावला, तरीबी जित्ता ऱ्हायला, असा एक उंदीर हाय की अजून."

आक्काला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आन् ते तुपातलं गुळमट? ते गपगुमान खाल्लंसा ते?"

गाडीला किक मारत केरबा म्हणाला, "आता पिंजऱ्यातल्यानं कुणाकडं तक्रार करायची?"