बाहेरून लावलेली कडी

ज्योतीला कुठल्या शाळेत घालायचं, हे सुनेत्रा सोडून बाकी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

पासष्ट सालचा सप्टेंबर. सरहद्दीवर लढाई पेटलेली आणि जबलपूरचे कारखाने रात्रंदिवस चालू. सुनेत्राचा नवरा चंद्रशेखर खमरियाच्या कारखान्यात, तोफगोळे भरण्याच्या सेक्शनला होता. ओव्हरटाइम सक्तीचा झाल्यापासून तो चेरीतालच्या घरी यायचा तो फक्त जेवायला आणि झोपायला. सुनेत्रा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तिथे सगळ्यांच्या रजा बंद झाल्या होत्या. आणि नेमक्या अशा वेळी, आजवर नातीला सांभाळणारी सासू लेकीच्या बाळंतपणासाठी वर्ध्याला गेली. साडेतीन वर्षांच्या पोरीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आठवडाभरात सोडवायचा होता.

तो भय्यासाहेबांनी सोडवला. भय्यासाहेब म्हणजे चंद्रशेखरचे थोरले चुलतभाऊ. रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क, महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी आणि सिव्हिल लाइन्समधल्या ‘बालकुंज’ नावाच्या शिशुशाळेच्या कमिटीवर. त्यांनी चंद्रशेखरला निरोप धाडला की बालकुंजच्या विनताबाईंशी बोलणं झालं आहे, सोमवारी पोरीला घेऊन जा. चंद्रशेखरने जेवता जेवता तो निरोप सुनेत्राला सांगितला आणि ताटावरून उठला. तुला ही शाळा बरी वाटते का, एवढंही त्याने विचारलं नाही. सुनेत्राने गोहलपुरातली एक बालवाडी ऐकून ठेवली होती. शेजारच्या शकुचा मुलगा तिथे जायचा. पण ती गोष्ट तिच्या तोंडातच राहिली.

बालकुंज दिसायला देखणी होती. लाल कौलांचा बंगला, मोगऱ्याची आळी, व्हरांड्यात रंगीत खुर्च्या. विनताबाई पुण्याच्या, इकडे येऊन वीस वर्षं झाली तरी बोलण्यात कणभर जबलपूर न शिरू दिलेल्या. त्यांनी ज्योतीला समोर उभं केलं आणि तिची परीक्षा घेतली. हा रंग कोणता, हा प्राणी कोणता, देवाला नमस्कार कसा करतात. ज्योती खाली फरशीकडे पाहत राहिली. बाईंनी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तेव्हा ज्योतीने मान वर केली.

“तुम्ही काहून ओरडून राहिल्या?” ती म्हणाली.

विनताबाई हसल्या. हसून त्यांनी सुनेत्राला सांगितलं की घरची भाषा आधी सुधारायला हवी, ‘काहून’ वगैरे इथे चालत नाही, आणि खरं तर सत्र सुरू झाल्यावर आम्ही कुणाला घेत नाही, पण भय्यासाहेबांचा शब्द मोडवत नाही. सुनेत्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या लेकीने काय चुकीचं विचारलं होतं? बाई ओरडतच होत्या. पण एक्स्चेंजची ड्यूटी होती, घरी कुणी नव्हतं. तिने राग गिळला आणि बुधवारी ज्योतीला घेऊन येते म्हणून सांगितलं.

बुधवारी तिची ड्यूटी दुपारची होती. ज्योतीला वर्गात सोडलं तशी पोरगी रडायला लागली. आयाने तिला आत ओढून घेतलं आणि सुनेत्राला सांगितलं, “आप जाइए, माँ दिखती है तो बच्चा और रोता है.” सुनेत्रा फाटकाबाहेर आली, पण पाय निघेना. समोरच्या कडुलिंबाखाली ती उभी राहिली. रडणं थांबलं की जाऊ, असं मनाशी म्हणत राहिली.

रडणं थांबलं आणि भोंगा वाजला.

त्या दिवसांत हवाई हल्ल्याची तालीम अधूनमधून व्हायची. कारखान्यांचं गाव, तेव्हा शत्रूचं विमान आलं तर इथेच येणार, हे जबलपुरातलं लहान मूलही सांगायचं. भोंगा वाजला की घराबाहेर पडायचं, खंदकात उतरायचं, कान झाकून पालथं पडायचं. बालकुंजच्या मागच्या अंगणातही खंदक खणलेला होता. सोमवारी विनताबाईंनी तो कौतुकाने दाखवला होता.

सुनेत्रा फाटकाजवळ धावली. मोठ्या वर्गाची मुलं रांगेने बाहेर आली, प्रत्येकाच्या हातात रुमाल. त्यांच्यामागे दोघी शिक्षिका, मग विनताबाई, मग आया. आयाने ज्योतीच्या वर्गाचं दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि पदर सावरत ती सगळ्यांच्या मागून खंदकाकडे गेली.

सुनेत्राला पहिल्यांदा वाटलं, आपल्या पाहण्यात चूक झाली. मग आतून आवाज आला. भोंग्याच्या आवाजाखाली दबलेला, वीसेक चिमुरड्यांचा एकत्र हंबरडा.

ती व्हरांडा ओलांडून कशी गेली, ते तिला नंतर आठवेना. कडी गंजलेली होती. ती काढताना तिच्या अंगठ्याचं नख उलटलं. दार उघडलं तर आत अंधार. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. मुलं एकमेकांच्या अंगावर चढून दाराशी गोळा झाली होती. कुणी चड्डी ओली केली होती, कुणी ओकलं होतं. एका मुलाच्या गालावर ओरखडे होते. ज्योती अगदी दाराला लागून उभी होती. ती रडत नव्हती. तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं होतं, कारण सकाळी आयाने तिला रडायचं नाही म्हणून बजावलं होतं.

एवढ्या मुलांना एकटीने खंदकापर्यंत नेता येणार नव्हतं. सुनेत्रा तिथेच फरशीवर बसली. तिने दार सताड उघडं ठेवलं आणि हाताला लागतील तेवढी मुलं जवळ ओढली. ती ‘ये ग गाई गोठ्यात’सारखं काहीतरी म्हणायला गेली, पण पोरांच्या रडण्यात ते ऐकूच जाईना, म्हणून नुसती थोपटत राहिली. थोपटताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हा भोंगा वाजतो तो खमरियाच्या कारखान्यासाठी. त्या कारखान्यात ज्योतीचा बाप रोज जिवावर उदार होऊन काम करतो. आणि त्याची पोरगी इथे कडीच्या आत.

धोका टळल्याचा भोंगा झाला, तशा विनताबाई परत आल्या. दारात बसलेली सुनेत्रा पाहून त्या क्षणभर थबकल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी हा विचारला की तुम्हाला आत कुणी सोडलं.

“दाराला बाहेरून कडी काहून लावली?” सुनेत्राने विचारलं.

विनताबाईंनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. ही नुसती तालीम आहे. एवढी लहान मुलं खंदकात नेली की रडतात, चिखलात कपडे मळवतात, मग पालकच तक्रार घेऊन येतात. मोकळी सोडली तर रस्त्यावर पळतील. कडी त्यांच्या सुरक्षिततेसाठीच आहे. खरोखरचं विमान आलं तर अर्थातच आम्ही आधी त्यांना बाहेर काढू.

“आधी?” सुनेत्रा म्हणाली. “मी फाटकात उभी राहून पाहून राहिली होती. आधी तुम्ही गेल्या. मग आया गेली. ही पोरं आतच राहिली. तालीम म्हणजे काय असते बाई? खऱ्या वेळी जे करायचं, त्याचीच ना? तुम्ही ह्याचीच तालीम केली.”

विनताबाईंचा चेहरा लाल झाला. आवाज खाली ठेवा, मुलं घाबरतील, असं त्या म्हणाल्या. त्यावर सुनेत्राला हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला स्वतःलाच भीती वाटली. तिने ज्योतीला कडेवर घेतलं आणि ती निघाली. मागे वळली असती तर तिचा हात उचलला गेला असता.

संध्याकाळी भय्यासाहेब घरी आले. चंद्रशेखर नुकताच शिफ्टवरून येऊन पाय धूत होता. भय्यासाहेबांनी खुर्चीवर बसून सांगितलं की झाला प्रकार बरा नव्हे, शाळेची गावात अब्रू आहे, कमिटीत आपला शब्द आहे. सुनेत्राने उद्या जाऊन विनताबाईंची माफी मागावी, म्हणजे विषय संपेल. बोलताना ते सुनेत्राकडे पाहत नव्हते, चंद्रशेखरकडे पाहत होते.

सुनेत्रा नवऱ्याच्या उत्तराची वाट पाहत राहिली. चंद्रशेखरने टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाला, “चूक झाली असेल जी त्यांची. पण तालीमच होती ना.”

सुनेत्राला विनताबाईंचा आला नव्हता एवढा संताप त्या एका वाक्याचा आला. तिने पट्टी बांधलेला अंगठा नवऱ्यासमोर धरला नाही, ती रडली नाही. आपण माफी मागणार नाही आणि ज्योती त्या शाळेत पुन्हा पाऊल टाकणार नाही, एवढं तिने भय्यासाहेबांना सांगितलं आणि चहा न ठेवता ती आत गेली.

चार-सहा दिवस ज्योतीला सांभाळायला शकु तयार झाली. रविवारी सुनेत्रा बाकीच्या मुलांच्या घरी गेली. पत्ते तिने बालकुंजच्या आयाकडून काढले. मुलांच्या आईबापांना कळलं तर ते पेटून उठतील, अशी तिची खात्री होती. पण पहिल्या घरच्या बाई म्हणाल्या की असं करतात हे आम्हाला ठाऊक आहे, चीनच्या लढाईत आमच्या मोठ्याला दोन तास ठेवलं होतं. दुसऱ्या घरी सांगितलं की एवढी चांगली शाळा, पुढे कॉन्व्हेंटात नंबर लागतो, भांडण कशाला. तिसऱ्या घरी एक तरुण आई ऐकता ऐकता पांढरी पडली, पण सासू बाहेर आली तशी ‘पाहू’ म्हणून आत गेली. ज्याच्या गालावर ओरखडे होते, त्या मुलाची आई म्हणाली, तो पडला असेल. सुनेत्रा उन्हातून घरी परत आली तेव्हा तिला तहान लागली होती आणि तिने उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी संपवलं.

दुसऱ्या दिवशी ती शकुबरोबर गोहलपुरात गेली. भानुमतीबाईंची बालवाडी म्हणजे पत्र्याच्या शेडचा एक भाग होता. शेजारी लाकूड कातणाऱ्या खराद्याचा कारखाना, त्याचा आवाज दिवसभर. खुर्च्या नव्हत्या, तरटं होती. पोरं हिंदीत भांडत होती. सुनेत्राने नमस्कारही न करता विचारलं की भोंगा वाजल्यावर तुम्ही काय करता.

भानुमतीबाई दचकल्या. “पोलिसातून आल्या काय?” त्या म्हणाल्या. मग सुनेत्राच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी सांगितलं की इथे खंदक नाही. नगरपालिकेला सांगून थकले. समोर नाल्याचा उतार आहे, तिथे सगळ्यांना घेऊन पडते. मागच्या वेळी एक पोरगा नाल्यात गेला, गुडघाभर घाण लागली, त्याची आई भांडून गेली. “मला भ्या वाटते जी,” त्या म्हणाल्या. “पोरांना कळतेच ते. पण मी त्यांच्यातच असते.”

सुनेत्राला जागा आवडली नाही. नाल्याचा वास येत होता आणि खराद्याच्या आवाजाने डोकं उठत होतं. ती परत गेली आणि दुसऱ्या दिवशी, न सांगता, तालमीच्या वेळेचा अंदाज घेऊन पुन्हा आली. भोंगा झाला नाही, पण ती दुपारपर्यंत बसून राहिली. दार सारा वेळ उघडं होतं. जाताना तिने ज्योतीचं नाव नोंदवलं.

पहिल्या दिवशी ज्योतीला कोण नेणार हा प्रश्न होता, कारण सुनेत्राची ड्यूटी आता सकाळची झाली होती. चंद्रशेखर रातपाळी करून आला, सायकल आत न घेता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, तिला दे, मी सोडून येतो. परत आल्यावर त्याने सांगितलं की नाल्याच्या उतारावर काचा होत्या, त्या वेचून आलो. सुनेत्राचा त्याच्यावरचा राग पुरता गेला नव्हता, आणि तो गेल्याचं तिने दाखवलंही नाही.

महिनाअखेर लढाई थांबली. दसऱ्याला महाराष्ट्र मंडळात सगळी मंडळी सोनं वाटायला जमली. ज्योती एव्हाना गोहलपुरातल्या दोन शिव्या शिकली होती आणि भय्यासाहेबांच्या बायकोने ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. विनताबाई जरीच्या लुगड्यात मधोमध बसल्या होत्या. बायका एकामागून एक त्यांच्या पाया पडून आपट्याची पानं देत होत्या. ती पांढरी पडलेली तरुण आईही त्यांत होती.

सुनेत्रा जवळून गेली तेव्हा विनताबाईंनीच हाक मारली आणि पानं पुढे केली. लढाई संपली, आता आपणही मनात काही ठेवू नये, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. भय्यासाहेब दुरून पाहत होते.

“तुमची लढाई संपली असेल,” सुनेत्रा म्हणाली. “मी तर अजून त्या खोलीत बसून राहिली आहे.”

तिने पानं घेतली नाहीत. विनताबाईंचा हात तसाच पुढे राहिला आणि मग त्यांनी तो शेजारच्या बाईकडे वळवला. चंद्रशेखर पुरुषांच्या घोळक्यातून बाहेर आला. भय्यासाहेबांनी त्याला थांबवून काहीतरी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली, ज्योतीला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तिघं जेवायला न थांबता बाहेर पडली.