शटर बंद असताना

बायको गेल्याचं मला कळलं त्या दिवशी मी डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या अंधारखोलीत बसलो होतो. नर्स होती ती. रात्रपाळी संपवून उतरताना दवाखान्याच्या जिन्यातच कोसळली. मेहुणी निरोप घेऊन आली, तर डॉक्टरबाईंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. प्रयोग चालू असताना दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. उजेड आत आला की अंधाराला सरावलेले डोळे वाया जातात. मी बाहेर असतो तर मीही तिला थांबवलंच असतं.

मी त्या संस्थेतला सुतार. अंधारखोली मीच बांधली, फट म्हणून ठेवली नाही. मग बाई म्हणाल्या, "तुमची नजर चांगली आहे, तुम्हीच बसा." त्या अगदी मंद प्रकाश सोडायच्या. तो दिसला की मी बटण दाबायचं, बाहेर बझर वाजायचा. घरी आलो की बायको विचारायची, "आज काय दिवे लावलेत?"

पुढे एकदा मेहुणी म्हणाली, "भावजी, त्या दिवशी सारखं बटण का दाबत होतात? मी रडतेय आणि तो बझर काही थांबेना."

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शेवटी थोडा वेळ मी दिव्यापुढचं शटर बंदच ठेवते, प्रकाश सोडतच नाही. बसणारा उगाच किती दाबतो ते कळावं म्हणून. तुम्ही एरवी दाबत नाही."

"पण मला दिसत होतं."

"डोळ्यातल्या पेशी शरीराच्या उबेनेही कधीकधी आपोआप इशारा देतात. पुढच्या पेशी ते चाळतात. बारीक ते गाळून टाकतात, ठसठशीत तेवढं पुढे पाठवतात."

"आणि खरा प्रकाशच बारीक असला तर?"

"त्यातलाही काही गळतो. काही खोटंही निसटून पुढे जातं."

बायको दिवसा झोपायची, म्हणून घरची खोलीही मी तशीच बंद केली होती. खिडकीला फळ्या, दाराखाली रबर. आता दुपारी मी तिथे बसतो. डोळे सरावले की तिच्या उशीपाशी काहीतरी मंद हलतं. थांबतं, पुन्हा येतं. हातात बटण नसतं, तरी माझा अंगठा दाबतो.

मेहुणीला सांगितलं. "ताईच असेल," ती म्हणाली. "रात्रपाळीहून आली की तुमची झोप मोडेल म्हणून दिवा न लावता चाचपडायची ना." मग चहा अर्धाच ठेवून ती उठली. त्या खोलीकडे पाठ होणार नाही अशी, भिंतीच्या कडेने दारापर्यंत गेली.

बाईंनाही सांगितलं. "सोपं आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळे तळव्यांनी घट्ट झाका. तरी दिसलं तर ते तुमच्या डोळ्यातलंच."

"आणि दिसेनासं झालं तर?"

"तर कुठेतरी फट आहे."

फट नाही. खोली मी बंद केली आहे.

काल दुपारी मी हात गालांपर्यंत नेले. उशीपाशी जे हलत होतं ते हलायचं थांबलं. मी हात खाली घेतले.

डोळे झाकून बघायचं अजून राहिलं आहे.