आल्याच्या रसाचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना वाडगा आहे, पण माझ्यात कधी कोणी जेवलेलं नाही. चीनमधल्या बोशानच्या भट्टीत मी भाजला गेलो. जाड काठाचा, आतून तपकिरी. पिंगदूच्या बाजारात ज्यांग शूयुन नावाच्या बाईने मला उचललं, ते आल्याचा आणि पातीच्या कांद्याचा रस ठेवायला.

शूयुन तान्ह्या मुलांना चोळायची. कुणाचं मूल दूध ओकायचं, कुणाचं पोट डब्ब व्हायचं, कुणी दूध पुढे आलं की तोंड फिरवायचं. शूयुन माझ्यात बोटं बुडवायची, मुलाच्या अंगठ्याची कड हलकेच चोळायची, पोटावर हात गोल फिरवायची. मग त्याला पालथं घालून पाठीची कातडी चिमटीत धरत कमरेपासून मानेपर्यंत सरकवत न्यायची. रडून लालबुंद झालेली मुलं तिच्या हाताखाली पेंगू लागायची. ताप असलेलं मूल मात्र ती हात न लावता दवाखान्यात पाठवायची. गावात तिचं नाव होतं. त्या नावात आपलाही थोडा वाटा आहे, असं मला वाटायचं.

तिचा हात मऊ होता. जीभ नव्हती.

"काय खाल्लंस गं काल? तिखट खेकडे? मग पोर रडेल नाहीतर काय गाईल?"

आया खाली मान घालून ऐकायच्या. मूल शांत व्हायला हवं असायचं ना. तिच्याकडे शिकणारी फांगलिंग एकदा म्हणाली, "बाई, त्या आधीच घाबरलेल्या असतात. जरा सबुरीने घ्या."

"घाबरलेल्याच बऱ्या. सांगितलेलं ऐकतात," शूयुन म्हणाली.

मग शूयुनला नातू झाला, निउनिउ. तिची सून वेनजिंग हिचं हे पहिलंच बाळंतपण. बाळ छातीशी धरलं की चार घोट घ्यायचं आणि पाठ ताणून किंचाळायचं. वजन वाढेना. एका सकाळी वेनजिंग त्याला घेऊन आमच्या खोलीत आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. खोली बायकांनी भरली होती.

"आई, जरा बघता का याला?"

शूयुनने नातवाचं पोट चाचपलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "याच्यात काही खोट नाही. दूधच पाणचट आहे. राळ्याची पेज पुढे केली की हिचं तोंड वाकडं, मग दूध उतरणार कुठून? आमच्या घरात असं मरतुकडं पोर कधी झालं नव्हतं."

दोघी-तिघी हसल्या.

वेनजिंगने बाळाच्या झबल्याचे बंद बांधले, सावकाश, एकेक करून. मग म्हणाली, "यापुढे माझ्या मुलाला तुम्ही हात लावायचा नाही."

ती गेल्यावर शूयुन बायकांना म्हणाली, "कुठे जातेय? येईल झक मारत."

वेनजिंग आली नाही. नवऱ्याला घेऊन तिने वेगळं बिऱ्हाड केलं. शूयुन दिवसभर दुसऱ्यांची मुलं चोळत राहिली. एखादं मूल निउनिउच्या वयाचं आलं, की तिचा हात त्याच्या पोटावर उगाच रेंगाळायचा. पण निरोप तिने धाडला नाही.

पुढे फांगलिंगने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची खोली उघडली. निघताना शूयुनने मला तिच्या हातात दिलं. "ने. जुनं भांडं दिसलं की लोकांचा विश्वास बसतो."

त्या नव्या खोलीत एके दिवशी वेनजिंग बाळाला घेऊन आली. दारातच थांबली.

"फांगलिंग, तुझा हात त्यांचाच ना?"

"त्यांनीच शिकवलाय, वहिनी."

"मग लाव. हात त्यांचा चालेल मला. तोंड नको."

त्यानंतर ती नेमाने येऊ लागली. डॉक्टरांनी वेनजिंगला स्वतः गाईचं दूध पिणं बंद करायला सांगितलं होतं, इकडे फांगलिंगचा हातही पडत होता. गुण कशाने आला ते मला सांगता येणार नाही. पण निउनिउ पोटभर प्यायला लागला. मांड्यांना वळ्या पडल्या. आणि फांगलिंगने ही गोष्ट आपल्या बाईंना सांगितली नाही.

एका दुपारी शूयुन पिशवीभर ताजं आलं घेऊन शिष्येला भेटायला आली. समोर नातू पालथा पडला होता, हसत.

वेनजिंग शेजारीच बसली होती. शूयुनने पिशवी खाली ठेवली, जवळ आली आणि माझ्यात बोटं बुडवली. किती दिवसांनी. "गाल भरलेत," ती म्हणाली. तिचा हात बाळाच्या पाठीवर, वरच्या वर थांबला. ती सुनेकडे बघत होती.

वेनजिंगने दुपटं ओढून बाळाची पाठ झाकली.

"झालं त्याचं आजचं."

शूयुनने बोटं सदऱ्याला पुसली. फांगलिंगला म्हणाली, "रस जरा पातळ कर. कातडी नाजूक असते." आणि गेली.

त्याच हिवाळ्यात तिने खोली बंद केली. हाताला कंप सुटलाय, असं ती लोकांना सांगते म्हणे. तो हात मी अगदी जवळून पाहिला होता. त्याला कंप नव्हता.

आता फांगलिंगकडे बाटलीतलं तेल आलं आहे. माझ्यात रबरबँडं आणि एक बंद पडलेलं घड्याळ पडून असतं. तळाशी वाळलेल्या रसाचं पुट आहे, ते कोणी घासत नाही. त्याचं मला फारसं वाटत नाही.

मित्रांनो, एवढंच मागतो. उद्या तुमच्या दारात कोणी आई रडतं मूल घेऊन उभी राहिली, तर आधी तिला बसायला द्या. पाणी विचारा. मुलाच्या पोटाला हात त्यानंतर लावा.