गुलाबी झाकणाने टिचकीला ओ दिली

मी चिनी मातीचा एक जुना तुकडा आहे. मित्रांनो, आज मला पाहिलेत तर तुम्ही बाणाचे टोक म्हणाल. अंगठ्याएवढा आहे, गुलाबी आहे, बुडाशी दोन्हीकडे खाचा आहेत. पण स्वतःची कहाणी सांगायला बसल्यावर लाजून चालत नाही. मी मूळचा संडासातला. फ्लशच्या टाकीवरचे झाकण होतो.

कारखान्यातल्या भट्टीत माझे अंग असे तापले, की त्यानंतर मला कशाचीच ऊब जाणवली नाही. मग मी अमेरिकेत, मिझुरीतल्या एका छोट्या घरात आलो. घरमालकीण अर्डिथबाईंच्या वडिलांनी लेकीला हौसेने गुलाबी न्हाणीघर बांधून दिले होते. तिथे मी चाळीस वर्षे नोकरी केली. माझ्या डोक्यावर लोकरीचा घेरदार झगा घातलेली एक बाहुली बसे आणि झग्याखाली संडासातल्या कागदाची जादा गुंडाळी लपवी. घरात येणारा प्रत्येक पाहुणा मला भेटून जाई, पण कोणी कधी बरा शब्द बोलले नाही. फक्त अर्डिथबाई दर शनिवारी एप्रनच्या टोकाने मला पुसत. कौतुकाची भूक अशी साठत गेली, आणि तिनेच माझा घात केला.

अर्डिथबाईंचे यजमान व्हर्लिन. शाळेची बस चालवून निवृत्त झाले आणि जत्रेत एका म्हाताऱ्याला गारगोटीचे टवके काढून बाणाचे टोक घडवताना पाहून आले. म्हाताऱ्याचे नाव हॉबर्ट. त्याने ते वीस मिनिटांत केले, म्हणून आपल्याला तासभर लागेल असा व्हर्लिनचा हिशेब. टपालाने खोकेभर उत्तम गारगोटी मागवली. दोन रविवारांत तिची खडी झाली. अर्डिथबाईंनी ती फाटकासमोर पसरली आणि वाट छान झाली म्हणाल्या. वर हेही म्हणाल्या, की यापुढे दगडांवर एक डॉलरही जाणार नाही.

मग फुकटच्या दगडाचा शोध सुरू झाला. ओढ्यातले गोटे थंडीने आतून तडकलेले निघाले. खाणीतला चुनखडक बिस्किटासारखा भुगा झाला. बिअरच्या बाटल्यांची जाड बुडे चांगली असतात असे कळल्यावर व्हर्लिन बाटल्या रिकाम्या करण्याच्या कामाला इतक्या मनापासून लागले, की अर्डिथबाईंनी तो कारखानाही बंद पाडला.

आता घाई होती. दर ऑक्टोबरात हॉबर्टच्या शेतावर अशी टोके घडवणाऱ्या लोकांचा तीन दिवसांचा मेळा भरे. मांडवाखाली गोल करून खुर्च्या, मांडीवर चामडे, हातात हरणाचे शिंग. नवख्याने मात्र गोलाबाहेर पालथ्या बादलीवर बसायचे. सगळ्यांदेखत एक टोक अखंड घडवले, तरच त्याची खुर्ची आत येई आणि हॉबर्टच्या ढिगातला दगड त्याला कायमचा मोकळा होई. गेल्या वर्षी व्हर्लिन तीन दिवस बादलीवर बसून लोकांच्या पाठी बघत आले होते.

त्यांनी हॉबर्टला फोन करून स्वस्त दगड कुठे मिळेल ते विचारले. तो म्हणाला, आम्ही सगळे मोडक्या संडासांवरच शिकलो, चिनी मातीचे टवके गारगोटीसारखेच निघतात. व्हर्लिनना आधी ही थट्टा वाटली. मग ते हळूच न्हाणीघरात आले, बाहुली उचलून बाजूला ठेवली आणि मला टिचकी मारली. चांगला दगड असा वाजवून पाहतात. मला काय ठाऊक? चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझी दखल घेतली होती. मी जीव ओतून वाजलो, “ठण्ण.”

त्याच दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अर्डिथ, तुला नवा संडास हवा होता ना?”

पंधरा वर्षे “चालतंय की” म्हणणाऱ्या माणसाचा हा प्रश्न ऐकून बाईंनी सुरी खाली ठेवली. “काय मोडलंस?”

“अजून काही नाही.”

नवा पांढरा संडास आला दोनशे बारा डॉलरना. मी अंगणात हातोडीखाली गेलो आणि माझे सात तुकडे झाले. एवढ्यावर थांबले असते तरी बरे. दगड मंद आचेवर भाजला की मऊ पडतो, असे व्हर्लिननी कुठेसे ऐकले होते. त्यांनी आम्हा सातांना वाळूत पुरून टर्की भाजायच्या विजेच्या भांड्यात रात्रभर ठेवले. मित्रांनो, मी भट्टीतून आलेला. मला छान झोप लागली. सकाळी बाईंनी झाकण उघडले.

“या भांड्यातली टर्की मी माझ्या बहिणीला वाढू?”

नवे भांडे अठ्ठेचाळीस डॉलर. म्हणजे फुकटचा दगड दोनशे साठ डॉलरना पडला. खोकेभर गारगोटी साठाची होती.

मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सातातले सहा मोडले होते. उरलो मी एकटा. व्हर्लिन बादलीवर बसून शिंगाच्या टोकाने माझी कड दाबत होते. मी मोडलो असतो तर आणखी एक वर्ष बादली. तेवढ्यात अर्डिथबाई सगळ्यांसाठी ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचे सारण भरून भाजलेली जाड पोळी, घेऊन आल्या आणि नवऱ्यामागे उभ्या राहिल्या.

“एकाच बाजूनं काय रेटतोयस? पायची कड मी अशी दाबली तर फाटेल. थोडं इकडून, मग उलटव, थोडं तिकडून. आणि श्वास घे.”

“हेच मी वर्षभर सांगतोय,” हॉबर्ट म्हणाला.

“तू समजावून सांगतोस,” व्हर्लिन मान खाली घालूनच म्हणाले. “ही रागावून सांगते.”

पण त्यांनी मला उलटवले. इकडून, तिकडून. एक खाच पडली. दुसरीही पडली. मी अखंड होतो. कोणीतरी उठून खुर्ची आत सरकवली.

मग हॉबर्टने हात पुढे केला. पहिले टोक स्वतःजवळ ठेवायचे नाही, ज्याने दगड दिला त्याला द्यायचे, अशी तिथली रीत. “दगड कोणाचा?” त्याने विचारले.

व्हर्लिननी माझ्याकडे पाहिले, मग बायकोकडे. “हिच्या वडिलांचा,” ते म्हणाले. “आता हिचा.”

बाईंनी मला एप्रनच्या टोकाने पुसले, शनिवारी पुसत तस्सेच.

आता मी न्हाणीघरात माझ्या जुन्याच जागी आहे. नव्या टाकीच्या पांढऱ्या झाकणावर, बाहुलीशेजारी. व्हर्लिन हॉबर्टच्या ढिगातून बादल्या भरभरून दगड आणतात. पण ढीग ओसरत चालला आहे. काल सकाळी ते आत आले, दार लावले आणि बाहुली उचलून बाजूला ठेवली. मलाही उचलून ठेवले. मग पांढऱ्या झाकणाला टिचकी मारली.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून बरा शब्द द्या, म्हणजे त्या अशा भुकेल्या राहणार नाहीत. मी पांढऱ्या झाकणाला रात्रभर समजावले होते, की गप्प राहा, वाजू नकोस. पण पोर नवे आहे. कौतुक झालेसे वाटून ते माझ्याहून गोड वाजले.