गोठा अस्वच्छ

आत्याचं दूध मी सलग नवव्या दिवशी परत केलं. गावच्या दूध केंद्रावर कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचं काम माझं. सख्ख्या आत्याच्या दुधाला रॉकेलचा वास येत असेल तर नाक काही नातं बघत नाही.

"वास कारखान्याचा आहे," आत्या म्हणाली. "तसं लिही वहीत."

"तसं लिहायचा रिवाज नाही गं."

रिवाज असा होता की दूध नासू दे, फाटू दे नाहीतर पातळ येऊ दे, कारणाच्या रकान्यात 'गोठा अस्वच्छ' लिहायचं. माझ्याआधीचा माणूस तेच लिहायचा, मीही तेच लिहीत आलो. दोन शब्दांत भागतं. आत्याचा गोठा आमच्या स्वयंपाकघरापेक्षा चकाचक, हे मला ठाऊक होतं. पण हाताला वळण लागलं ते लागलं.

कारखान्यात कच्च्या तेलापासून प्लास्टिकचे दाणे बनतात. वारा पडला की धूर गावावर बसतो, डोळे चुरचुरतात, आणि आत्याचा गोठा तर कारखान्याच्या भिंतीला लागूनच. तिनं घरोघरी हिंडून दोनशे सह्या गोळा केल्या आणि वरच्या कार्यालयात अर्ज धाडला. चार म्हशींवर तिचं घर चालतं, गप्प बसून कसं भागणार?

कारखान्याचं उत्तर महिन्याभरात आलं, तीन पानी. वास आमचा नाही, अर्जदार बाईंच्या म्हशींचा आणि उकिरड्याचा आहे. पुरावा म्हणून माझ्या वहीची पानं जोडलेली. एकोणचाळीस वेळा 'गोठा अस्वच्छ', प्रत्येकाखाली माझी सही. अक्षर सुंदर आलं होतं.

वही त्यांना मीच दिली होती. केंद्रातलं दूध थंड करायचं यंत्र कारखान्यानं भेट दिलेलं, त्यामुळं त्यांचा साहेब वही बघायला मागतो म्हटल्यावर मी चहासुद्धा पाजला. पानं उलटायलाही मदत केली.

उत्तरामागोमाग कार्यालयाचा हुकूम आला. पंधरा दिवसांत म्हशी आणि उकिरडा हलवा, मग तपासणी होईल. वास गेलेला दिसला तर अर्ज निकाली आणि गोठा कायमचा बंद.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," आत्या एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला चार दिवस घास गोड लागला नाही.

चौदाव्या दिवशी मी तिच्याकडं गेलो. म्हशी जागच्या जागी रवंथ करत होत्या.

"अगं, हलवणार कधी?"

"तपासणी असली की कारखान्याचं धुरांडं कधी चालू बघितलंस तू?"

"नाही. त्या दिवशी बंदच असतं."

"मग म्हशींना कशाला उगाच चालवायचं?"

तपासणीच्या दिवशी पहाटेपासून धुरांडं गार. आत्यानं गोठ्याला कुलूप घातलं, उकिरड्यावर ताडपत्री ओढली, वर चार विटा ठेवल्या. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. कार्यालयाचे तपासनीस आणि कारखान्याचा साहेब दहाला येणार होते, आले तीनला. चारला म्हशींच्या धारेची वेळ. पाच मिनिटं उशीर झाला तरी त्या रेकून गाव डोक्यावर घेतात. मी सारखं घड्याळ बघत होतो. आत्या मात्र पाणी देत होती, साहेबांच्या मुलाबाळांची चौकशी करत होती.

तपासनीस साहेबांनी हवा तपासायचं यंत्र गोठ्याच्या दाराजवळ ठेवलं, काटा बघितला, मग स्वतःही श्वास ओढला. खेड्यात आलेला माणूस शेणाचा थोडा वास धरूनच चालतो.

"हवा स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"म्हशी गेल्या, वास गेला," कारखान्याचा साहेब म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"लिहा की मग," आत्या म्हणाली. "पण यंत्र कुठं ठेवलं, किती वाजता, तेही लिहा. नंतर कुणी म्हणायला नको."

तपासनीस माणूस टापटिपीचा होता. त्यानं लिहिलं: गोठ्याच्या दारापासून दोन हात, तीन वाजून पन्नास मिनिटं, वास आढळला नाही. सही केली. कारखान्याच्या साहेबानं साक्षीदार म्हणून सही ठोकली, खाली दोन रेघाही ओढल्या.

शाई वाळते न वाळते तोच आतून पहिली म्हैस रेकली. मग उरलेल्या तिघी.

आत्यानं बादली उचलली आणि कमरेची किल्ली काढली. "बसा हं साहेब, धारा काढून घेते." दार उघडलं. चारही म्हशींनी साहेबांकडं बघितलं. जाता जाता आत्यानं पायानं विटा सारल्या आणि उकिरड्यावरची ताडपत्री ओढून काढली.

"ही फसवणूक आहे," कारखान्याचा साहेब म्हणाला.

"म्हशी गेल्या असं मी कुठं म्हणाले? तुम्हीच म्हणालात."

तपासनीस साहेबांनी स्वतःचा कागद दोनदा वाचला. मग त्यांनी खाली लिहिलं, 'म्हशी चार व उकिरडा जागेवरच. तरीही वास नाही.' आणि मान वर करून विचारलं, "कारखाना आज चालू आहे ना?"

"आज जरा दुरुस्ती होती."

"तेही लिहितो," ते म्हणाले आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता धुरांडं सुरू झालं. आत्या कॅन घेऊन केंद्रावर आली. मी झाकण उघडलं. तोच रॉकेलचा वास.

"घेता येणार नाही, आत्या."

"माहीत आहे. लिही."

मी वही उघडली. हात सवयीनं 'गो'कडं वळत होता, तो आवरला आणि रकान्यात लिहिलं, 'कारखाना अस्वच्छ'. आत्यानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. रांगेतल्या बाकीच्यांनीही ऐकलं, आणि मागच्या दोघांनी आपापल्या दुधाचं कारणही तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी कारखान्याची माणसं टेम्पो घेऊन आली आणि दूध थंड करायचं यंत्र उचलून घेऊन गेली. वहीपण मागत होती. ती मी दुपारीच आत्याच्या गोठ्यात नेऊन ठेवली होती.