शेवटचा कोपरा

"काकू, हा आरसा हितं कशाला? गोधडी शिवायला आरसा लागतो का?"

रूपाने विचारले तेव्हा सुमतीबाई स्टुलावर उभ्या राहून भिंतीत खिळा ठोकत होत्या. मोडक्या कपाटाचा तो आरसा त्यांना बरोब्बर रूपाच्या बसायच्या जागेसमोर हवा होता.

"आरशाने खोली मोठी दिसते गं," त्या म्हणाल्या.

मोठी दिसते म्हणे! खोली ती केवढी, आठ बाय सातची. वर्षानुवर्षे तिथे अडगळ पडलेली. सुमतीबाईंनी महिनाभर खपून तिची शिवणखोली केली, आणि तीही जवळजवळ फुकटात. जुन्या दाराची फळी शिलाई मशीनच्या दोन गंजक्या पायांवर टाकली, झाले टेबल! निजामपुऱ्यातल्या एका पॉवरलूमवाल्याकडून सुताचे रिकामे कोन मागून आणले, पडद्याच्या दांडीत ओवले आणि त्यांवर रंगवार दोरे गुंडाळले. फरसाणाच्या बरण्यांत बटणे, साड्यांच्या खोक्यांत चिंध्या. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षे क्लार्की केलेली बाई ती. प्रत्येक बरणीवर ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली.

आरसा मात्र खोलीसाठी नव्हता. तो रूपासाठी होता.

रूपा दिघाशी गावाहून आठवड्यातून तीनदा यायची. सुमतीबाईंनी तुकडे बेतून जोडायचे आणि रूपाने हातटाका घालायचा, अशी दोघींची जोडी दोन वर्षे छान जमली होती. बाळांच्या गोधड्यांना गिऱ्हाइकेही होती. पण मध्यंतरी एक गोष्ट सुमतीबाईंच्या नजरेस आली. गोधडीचा शेवटचा कोपरा उरला, की रूपा पाठ फिरवायची. कमरेशी काहीतरी चाचपायची, ओठ हलवायची आणि घाईघाईने कोपरा शिवून टाकायची.

"काय गं पुटपुटतेस?"

"काय न्हाय, काकू."

काय न्हाय म्हटल्यावर गप्प बसतील, तर त्या सुमतीबाई कसल्या! शाळेत खडूचा बॉक्स देतानासुद्धा त्या मागणाऱ्याच्या खिशाकडे बघत. त्यांनी उजेडाचे निमित्त काढून टेबल फिरवले. रूपा भिंतीकडे सरकून बसली. मग आरसा आला. शेवटच्या कोपऱ्याशी रूपाने पदरच पुढे ओढून घेतला.

"तिला सरळ विचार ना," त्यांचे यजमान शरच्चंद्र पेपरमागून म्हणाले.

"विचारलं की माणसं सावध होतात. तुम्हाला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं, की तू शिवणखोली नाही, पोलीस चौकी उघडली आहेस."

सुमतीबाईंना हसू आले नाही. कारण या वेळची गोधडी गिऱ्हाइकाची नव्हती, सईची होती. त्यांच्या एकुलत्या एका लेकीची. दोनदा आशा लागून मोडली होती, आणि लग्नानंतर नऊ वर्षांनी आता कुठे सातवा महिना लागला होता. तिच्या बाळासाठी सुमतीबाईंनी स्वतःचा लग्नातला शालू कापला होता.

शुक्रवारी गोधडी पुरी झाली. रूपा हात धुवायला गेली, तेवढ्यात सुमतीबाईंनी तो कोपरा चिमटीत धरला. आत काहीतरी कणीदार लागले. त्यांनी कात्री घेतली आणि टाके उसवले. टेबलावर तांदळाचे आठ-दहा दाणे पडले. हळद लावलेले, पिवळेधमक.

सुमतीबाईंनी झटकन हात मागे घेतला. करणी! जन्मभर त्या असल्या गोष्टींना हसत आल्या होत्या, पण सईचे पोट डोळ्यांसमोर आले आणि हसणे कुठल्या कुठे पळाले. रूपाचे तान्हे मूल गेले होते, हे त्यांना ठाऊक होते. मूल गेलेली बाई, लपवून घातलेले तांदूळ आणि त्यांच्या नातवंडाची गोधडी. मनाने भराभर एकाला एक जोडले.

रूपा पदराला हात पुसत आली.

"काय केलंस हे?" सुमतीबाई ओरडल्याच. "माझ्या सईने तुझं काय वाकडं केलंय गं?"

रूपाने उसवलेला कोपरा पाहिला, तांदूळ पाहिले. मग ती हळूच खाली बसली.

"घास काढलात, काकू?"

"कसला घास?"

"गोधडीचा. आमच्यात गोधडी उपाशी देत न्हायत. शेवटच्या कोपऱ्यात दाणं घालायचं, बाळाचा नाव घेऊन 'जेव' म्हणायचा, मंग तोंड मिटवायचा. बाळाला काय कमी पडत न्हाय. ह्ये कुणाला दावायचा नसतो, म्हणून पाठ फिरवत व्हते."

"पण बाळाला अजून नाव कुठे आहे?"

"म्हणून माझ्या पोराचा नाव घेते. त्याच्या येळेला माझा घाईत ऱ्हायला घास. तवापास्नं एकपण गोधडी उपाशी सोडली न्हाय."

सुमतीबाईंना मान वर करवेना. "रूपा, चुकलं गं माझं. मला वाटलं..."

"काय वाटला त्ये कळला मला. आरसा टांगलात तवाच कळला."

तिने आपली पिशवी टेबलावर ओतली. कंगवा, मिश्रीची डबी, एसटीचा पास. कमरेची तांदळाची पुरचुंडीही काढून ठेवली. "बघून घ्या."

"अगं, नको ना असं करूस!"

रूपाने एकेक वस्तू शांतपणे पिशवीत परत भरली. पुरचुंडी तेवढी टेबलावरच ठेवली.

"तूच घाल ना घास," सुमतीबाई काकुळतीने म्हणाल्या.

"न्हाय, काकू. ज्यानं काढला त्यानंच भरवायचा."

"सोमवारी येशील ना?"

रूपा दाराशी चप्पल घालत होती. "गोधडी पुरी करा पयली," एवढेच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सुमतीबाईंनी पुरचुंडी सोडली, रूपाच्या जागेवर बसून आरशाकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यात दाणे घातले. सुईत दोरा होता. आता फक्त नाव घ्यायचे होते, रूपा घ्यायची तेच. त्यांनी ओठ उघडले आणि त्या तशाच थांबल्या. रूपाच्या पोराचे नाव काय होते, हे त्यांनी दोन वर्षांत कधी विचारलेच नव्हते.